धाकट्या झाडाची पाटी

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आणि वहिनींचा रक्तदाब दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. मी ठणठणीत आहे. (माझ्या तब्येतीची चौकशी आपल्या घरात कुणी कधी केली नाही, म्हणून आपणहून कळवतो.) हे पत्र काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

आमच्या वनस्पती उद्यानात दालचिनीच्या कुळातली दोन झाडं शेजारी शेजारी आहेत. आम्ही माळी त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणतो. सख्खी नव्हेत, पण चुलत तरी नक्की. तोंडवळा एकच, थोरल्याच्या पानामागे तांबूस लव आणि धाकट्याचं पान मागून गुळगुळीत, एवढाच काय तो फरक. (जून पानांत तोही पुसटच.) पण थोरल्याच्या पाटीवर ‘अतिसंकटग्रस्त’ लिहिलंय, म्हणून त्याला कुंपण, खत आणि दर महिन्याला फवारणी. धाकट्याच्या पाटीवर ‘चिंतेचं कारण नाही’, म्हणून त्याला वाळत घातलेली फडकी आणि टेकवलेल्या सायकली. आता साहेबांचा हुकूम निघाला: थोरल्याला बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांना जागा हवी, सबब धाकटं पाडा. तुझ्या अभ्यासाला जागा हवी म्हणून माझं अंथरूण स्वयंपाकघरात गेलं होतं, ते मला आठवलं. (तुझा दोष नाही. तू हुशार होतास. पण मीही होतोच की घरात!)

माझं डोकं फिरलं. करवतवाले यायच्या आत मी दोन्ही पाट्या उपटून डब्याच्या पिशवीत घातल्या आणि कुंपण रंगवायचं म्हणून काढून ठेवलं. साहेब आले आणि दोन्ही झाडांकडे आळीपाळीने बघत राहिले. मला विचारलं तर मी म्हणालो, "साहेब, मी पडलो साधा माळी. पाटीवर असेल तेवढंच मला कळतं." मग नोंदवही आणली. तीत लिहिलेलं, ‘नळाच्या डावीकडचं दुर्मीळ’. नळ गेल्या वर्षी साहेबांनीच पलीकडे हलवलाय, त्यामुळे आता दोन्ही झाडं नळाच्या डावीकडेच! चुकून थोरलं पडलं तर साहेबांचीच खुर्ची जाणार, म्हणून करवतवाले चहा पिऊन परत गेले. मला नोटीस मिळाली आहे. नोकरी गेली तर गेली. जे मुबलक आहे ते बिनदिक्कत तोडावं, हा न्याय मला मान्य नाही. शंभर नोटिसा आल्या तरी नाही. उद्या धाकटंही विरळ झालं की हेच लोक कुंपण घेऊन धावत येतील.

तुझा,
बिनचिंतेचा भाऊ

ता. क. : झाडं ओळखायला साहेबांनी गुरुवारी तज्ज्ञ बोलावलाय. तो तू आहेस. (आपण भाऊ आहोत हे त्यांना ठाऊक नाही, बघून तसं वाटतही नाही.) तू पान उलटलंस की पाच मिनिटांत धाकट्याचा निकाल लागेल, तेव्हा उलटू नकोस. खोटं बोल असं मी म्हणत नाही. दोन्ही फळं शेजारी ठेवून बघितल्याशिवाय खात्री देऊ नये, असं तुझ्याच पुस्तकात आहे. थोरल्याला शेवटचं फळ धरलं त्याला अकरा वर्षं झाली.

आणखी एक : काही मागायचं नाही, असं वर लिहिलंय ते खोडणार होतो, पण शाई पसरते. माझी चिंता तू कधी केली नाहीस, त्याची आता तक्रार नाही. एका धाकट्याची राहून गेली, दुसऱ्याची तरी कर.