पुसलेल्या जागेवरचा आवाज

प्रिय धाकट्या,

आधी हे सांगते की बाबा ठीक आहेत. आत्ता बाल्कनीत बसून खाली गाडी मागे घेणाऱ्या एका बाईकडे बघतायत आणि मनातल्या मनात तिला नापास करतायत. बिघडलंय ते डिस्कचं. आणि हे तुझ्याशिवाय सांगू कुणाला? डिस्क वापरायला जोडली की ती माउंट केली म्हणायचं आणि तिच्या नोंदवहीला जर्नल, हे आपल्या घरात कळणारे आपण दोघंच.

तू तिकडे बसून सगळं छान लावून दिलं होतंस. गुरुवारी ऑपरेशनमध्ये बाबांचं स्वरयंत्र काढणार, त्याआधी त्यांच्या आवाजातली वाक्यं साठवायची, म्हणजे पुढे ते बटण दाबतील आणि कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलेल. तुझ्या यादीतलं ‘पाणी द्या’, ‘बरं वाटत नाही’ त्यांनी निमूटपणे म्हटलं. मग स्वतःहून ‘क्लच हळू सोड’ आणि ‘आरसा कुणी बघायचा, गाढवा’ हेही घातलं. जन्मभर लोकांना गाडी शिकवलेला माणूस, ओरडता आलं नाही तर त्याला जेवण कसं जाईल? मधेच खोकला आला तर चालतो का, हे तुला विचारायचं होतं त्यांना. मी फोन लावून पुढे केला, तर हात मागे घेतले आणि म्हणाले, तूच विचार.

जुन्या डिस्कवर रेकॉर्डिंग अडखळत होतं म्हणून तू ती राइटबॅक मोडमध्ये माउंट करायला सांगितलंस. मलाही पटलं होतं, त्यामुळे तुझ्या एकट्याच्या माथी मारत नाही. नेहमीच्या मोडमध्ये आधी मजकूर डिस्कवर जातो, मग जर्नलमधली नोंद पक्की होते. राइटबॅकमध्ये नोंद पुढे निघून जाते, मजकूर मागून सवडीने येतो. वेग मिळतो, फक्त मधे वीज जाता कामा नये. काल सकाळी रेकॉर्डिंग संपतं न संपतं तोच गेली. खालच्या मजल्यावर काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनने कुणाला न विचारता मेन स्विच पाडला. बॅटरी घेऊ घेऊ म्हणत आपण घेतलीच नव्हती.

मशीन परत सुरू झालं, त्याने जर्नल वाचलं आणि सगळं आलबेल असल्याचं कळवलं. मीही फसले. फाइलींची नावं जागच्या जागी, साइजही बरोबर. आज सकाळी हेडफोन लावून ‘पाणी द्या’ उघडलं तर नुसती खरखर. ‘बरं वाटत नाही’मध्ये तीही नाही. काल सकाळचं सगळं गेलं रे, आणि कालच त्यांचा आवाज त्यातल्या त्यात मोकळा लागला होता. आज पुन्हा घोगरा आहे. डॉक्टरीणबाईंनी बोलणं कमी करा म्हणून दमच भरलाय. आता किती वाक्यं पुन्हा म्हणायला लावू? आणि नाही लावली तर गुरुवारनंतर कुठून आणू? त्यांना अजून सांगितलेलं नाही. चेहरा सरळ ठेवून वावरतेय आणि दोनदा चहा उतू घालवलाय.

मग डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट केली आणि एकेक फाइल ऐकत गेले, काही हाती लागतंय का बघायला. ‘खिडकी लाव’मध्ये बाबा बोलत होते, पण खिडकीबद्दल नाही. आधी काही उमगेना. मग लक्षात आलं, डिस्कवरच्या त्या जागेवर पूर्वी वेगळं रेकॉर्डिंग होतं आणि बाबांनीच ते पुसलं होतं. पुसलं तरी जागा रिकामी झाल्याची नोंद तेवढी होते. नवीन काही येऊन बसेपर्यंत जुनं तिथेच पडून असतं. नवीन यायच्या आत वीज गेली. मी आंघोळीला गेले असताना त्यांनी मशीन लावलं असणार, बोलले असणार आणि मी बाहेर यायच्या आत पुसून मोकळे. ऐकायला नको होतं. पण बंद करायला हात उठला नाही.

तेवढी फाइल बाजूला ठेवून डिस्क उतरवली आणि पूर्ण जर्नल मोडमध्ये पुन्हा माउंट केली, म्हणजे आता मजकूरही आधी जर्नलमध्ये जाईल. अडखळेल, तर अडखळू दे. त्यांना जेवढं म्हणवेल तेवढं घेऊ, पण घेतलेलं राहील तरी.

फोन न करता हे मेलवर लिहितेय, कारण फोन त्यांच्या उशाशी असतो आणि हे त्यांच्या कानावर जायला नको. तुझा फोन आला की ते काय म्हणतात ते तुला पाठ आहे. बरा आहेस ना, ताईला देतो. आधी आईला द्यायचे, ती गेल्यापासून मला. बाबांना माझ्याशी बोलायचंच नसतं, असं तू परवाही म्हणालास. हसत म्हणालास, पण मी काय तुला आज ओळखते? त्या फाइलमध्ये ते तुझं नाव घेतात आणि म्हणतात, “तुझा फोन आला की खूप बोलावंसं वाटतं रे. ऐनवेळी सुचत नाही, म्हणून ताईला देतो.” पुढे खरखर. ते मी तुला पाठवणार नाही. त्यांनी पुसलंय ते. मी ऐकलं हेही त्यांना कळू देणार नाही. तू ये, त्यांच्या शेजारी बस, नाहीच सुचलं तर दोघं मिळून लोकांच्या गाड्या नापास करा. पण गुरुवारच्या आत ये. फोन करू नकोस. केलास, तर ते माझ्याकडेच देतील.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
ताई