बदबद वाजणारी गाडी

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार
शनिवार, म्हणून मार्केट यार्ड बंद. वाघोलीला बहिणीकडे, दीपाकडे, जाऊन आलो. सातवा महिना चालू आहे तिला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे हिंगोलीकडे आमच्या गावी, हे ठरलेलंच होतं. पण आज तिच्या सासूबाईंनी, मुक्तामावशींनी, अट घातली. म्हणाल्या, माझी सून एसटीच्या धक्क्यात जायची नाय. माहेरचा माणूस गाडी घेऊन आला तर पाठवीन, नायतर इथंच होईल समदं. त्यांच्या स्वतःच्या दारात गाडी उभी आहे. मी नुसतं तिच्याकडे बघितलं. लगेच म्हणाल्या, ती आमची हाय. न्यायचं माहेरानं असतं.
शनिवार २२ तारीख दिली. त्यानंतर आठवा लागतो, मग डॉक्टर एवढा प्रवास करू देत नाहीत.
दीपा फाटकापर्यंत आली. हळूच म्हणाली, दादा, मला आईकडे जायचंय रे. मी म्हणालो, टेन्शन घेऊ नको, मी गाडीच घेतो. भाड्यानं नाही, विकत.
तोंडातून निघून गेलं. पण निघालं ते बरोबरच निघालं.

२ फेब्रुवारी, रविवार
ठराव केला. सेकंडहँड घ्यायची, एक लाख तीसच्या आत. चार वर्षांची बचत तेवढीच आहे. दोनच गोष्टी बघायच्या. रस्त्यात बंद पडता कामा नये आणि पेट्रोल कमी प्यायला पाहिजे. गोड बोलणाऱ्याला भुलायचं नाही.
रूममेट मच्छिंद्रला सांगितलं. तो बारा वर्षं टेम्पो चालवतो, त्यामुळे स्वतःला फार समजतो. म्हणाला, एका खेपेसाठी गाडी विकत? भाड्याची कर की. मी म्हणालो, बहिणीच्या दारात पिवळी पाटी घेऊन जाऊ? म्हणाला, ती पाटीवर बसणार आहे का सीटवर? टेम्पोवाल्याची नजर टेम्पोएवढीच.
आईला फोन करून सांगितलं, गाडी घेतोय. संध्याकाळी सरपंचाच्या पोराचा फोन, कोणता कलर?

५ फेब्रुवारी, बुधवार
आज गाळ्यावर कलिंगडाचे दोन ट्रक खाली झाले. निवडायचं काम माझं. टिचकी मारायची. टणटण वाजलं की कच्चं, बदबद वाजलं की पिकलेलं. चार वर्षांत एक चूक नाही. शेठ गिऱ्हाइकाला सांगतात, हा आमचा साईनाथ, नववी नापास, पण बोटात मशीन आहे.
मच्छिंद्र म्हणतो, गाडी बघायला मेकॅनिक ने, पाचशे रुपये घेईल. कशाला? माझं बोट फुकट आहे.
आणि फसवाफसवी मला कोण शिकवणार? क्रेटमध्ये वर मोठी डाळिंबं, खाली लिंबाएवढी, हे रोज बघतो. जो माणूस स्वतःहून क्रेट पालथं करून दाखवतो त्याच्यापासून तर जास्तच सावध राहायचं. त्याचा खराब माल दुसरीकडे असतो.

८ फेब्रुवारी, शनिवार
सदाशिव पेठेत एक गाडी बघितली. मालक अनिरुद्धराव, सत्तरीचे, रिटायर. चारला या म्हणाले होते. चारला पाच कमी असताना बेल मारली. दार उघडून म्हणाले, अजून पाच मिनिटं आहेत, आणि दार लावलं.
गाडी २०११ ची, राखाडी, कव्हरखाली. बघायच्या आधीच त्यांनी हातात एक कागद दिला. त्यावर गाडीचे सात दोष लिहिलेले. अक्षर छापल्यासारखं. डावा आरसा भिंतीला घासला आहे, चूक भिंतीची नाही. मागची काच वर घेताना हातानं आधार द्यावा लागतो. एसी उन्हाळ्यात चालतो, मे महिन्यात विचार करतो. असे सात.
अ‍ॅव्हरेज विचारलं. वही काढली. २०११ पासून प्रत्येक वेळी टाकलेलं पेट्रोल त्यात लिहिलेलं. शहरात साडेचौदा, हायवेला अठरा. मी म्हणालो, एवढं कमी? म्हणाले, जास्त हवं असेल तर दुसऱ्या वहीत लिहून देतो.
मग मी माझी परीक्षा घेतली. बॉनेटवर टिचकी मारली. टणटण. दारावर मारली. टणटण. छतावर तीनदा मारली. टणटणटण. अनिरुद्धराव म्हणाले, आत कोणी नाही.
किंमत एक लाख पंचवीस. कमी करा म्हणालो. म्हणाले, कमी करायची असती तर मी कमीच सांगितली असती.
विषय संपला. सात दोष स्वतः सांगणाऱ्याचा आठवा केवढा असेल? आणि चौदा वर्षं झाली तरी गाडी कच्चीच.

९ फेब्रुवारी, रविवार
दोषांचा कागद मच्छिंद्रला दाखवला, म्हटलं हसेल. हसला नाही. दोनदा वाचला. मग घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, त्या आजोबांचा नंबर दे. कशाला विचारलं तर म्हणाला, असंच.
दीपाचा फोन. सासूबाई रोज विचारतात म्हणाली, भाऊ बघतोय का नुसता बोलतोय? मी म्हणालो, सांग, एक नापास केली.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सापडली!
वाघोलीच्या पुढे रस्त्यालगत हिंदुराव म्हणून आहेत, जुन्या गाड्या विकतात. त्यांनी मला साहेब म्हटलं. पुण्यात चार वर्षं झाली, पहिल्यांदा कोणी म्हटलं. आल्याआल्या चहा. मग गाडी दाखवली. लाल. असली चकाचक की त्यात माझा भांग दिसला. २०१२ ची, पण नव्यासारखी.
दोष विचारले. म्हणाले, साहेब, दोष काढून दाखवा आणि गाडी फुकट न्या. अ‍ॅव्हरेज विचारलं. चोवीस. एकदम तोंडपाठ, वही नाही काही नाही.
मग मी बोट पुढे केलं. बॉनेट, बदबद. डावं दार, बदबद. मागची बाजू तर अशी वाजली की आत गर भरलाय. हिंदुराव एक पाऊल मागे सरकले. माझ्या बोटाकडे बघत राहिले, रुमालानं मान पुसली. समोर पारखी माणूस आला की विकणाऱ्याचं असं होतं. मी म्हणालो, पिकलेली आहे. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि दुसरा चहा मागवला. सोबत क्रीमरोल.

१५ फेब्रुवारी, शनिवार
घेतली. एक लाख अठ्ठावीस. सीटकव्हर फ्री. हार, नारळ, लिंबू-मिरची, सगळं हिंदुरावांकडून. फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. सत्तेचाळीस अंगठे आले.
लायसन आहेच. चालवायची सवयही आहे, यार्डाच्या गेटपासून गाळ्यापर्यंत शेठचा छोटा टेम्पो मीच नेतो. तरी वाघोलीहून मार्केट यार्डला यायला सव्वादोन तास लागले. खराडीच्या सिग्नलला तीनदा बंद पडली. मागचे लोक वाईट बोलत होते. गाडीला अजून माझा पाय माहीत नाही, एवढंच.
मच्छिंद्र खाली येऊन गाडीभोवती एक फेरी मारून गेला. काय म्हणाला? काही नाही. जळतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार
अ‍ॅव्हरेज काढलं. टाकी फुल करून फिरलो, परत फुल केली. साडेनऊ आलं. पुन्हा हिशोब केला. नऊ पूर्णांक दोन आलं, म्हणून पहिलाच धरला.
कारणं आहेत. ट्रॅफिक. स्पीडब्रेकर. हायवेला लागली की चोवीस देणार, तिची ताकद तिथली आहे.
मच्छिंद्रनं संध्याकाळी पेढे आणले. कशाचे ते विचारलं नाही, माझ्या गाडीचे असणार. मनानं तसा चांगला आहे. दोन खाल्ले.

१९ फेब्रुवारी, बुधवार
गाडी आपोआप डावीकडे जाते. स्टिअरिंग सोडलं की लगेच फुटपाथ. हिंदुरावांना फोन केला. म्हणाले, साहेब, डावीकडून चालवायचा नियमच आहे. मी म्हणालो, सकाळी धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणाले, आवाज येत नाहीये साहेब. मग खरंच आवाज आला नाही. दुपारपासून फोन बंद आहे. बिझी माणूस.
तीन दिवस राहिले.

२० फेब्रुवारी, गुरुवार
गुलटेकडीला संभाजी मेकॅनिककडे नेली. फक्त हवा आणि ऑइल बघायला, बाकी सल्ला मागितला नव्हता.
त्यानं खिशातून लोहचुंबक काढून बॉनेटला लावलं. खाली पडलं. दाराला लावलं. पडलं. मी म्हणालो, चुंबक खराब आहे. त्यानं ते अनिरुद्धरावांच्या गाडीएवढ्याच जुन्या एका गाडीला लावलं, ओढून काढावं लागलं. मग म्हणाला, पत्रा असतो तिथं टणटण वाजतं रे भाऊ. बदबद वाजतं तिथं खाली नुसती पुट्टी. मोठी ठोकलेली गाडी आहे ही, पुढचा भाग दुसऱ्याच गाडीचा आणून जोडलाय. मी विचारलं, पुट्टी बरीच लावलीय का? म्हणाला, गाडीला पुट्टी नाही लावलेली, पुट्टीला गाडी लावलीय.
निघताना खिडकीशी आला. आता चेष्टा करत नव्हता. म्हणाला, एकटा फिर, हळू फिर. मागे कोणाला बसवू नको. जोड कधी सुटेल सांगता येत नाही.
मेकॅनिक लोक घाबरवतातच. त्यांचा धंदा त्यावरच चालतो.
जेवलो नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
दीपाचा फोन. चार दिवसांपासून बॅग भरून ठेवली आहे. रोज काढते आणि परत भरते म्हणाली. मग विचारलं, दादा, गाडीत आडवं होता येईल ना? पाठ भरून येते. मी म्हणालो, मस्त येईल.
प्लॅन पक्का केला. चाळीसच्या वर जायचं नाही. दर पन्नास किलोमीटरला थांबायचं. मागच्या सीटवर गादी. चाळीसच्या स्पीडनं साडेचारशे किलोमीटर म्हणजे किती तास, ते काढायला बसलो आणि मध्येच सोडून दिलं. गादी आणली. उशीही आणली, फुलांची.
संभाजीला काय माहीत आहे? हजारो लोक अशा गाड्या चालवतात.
मच्छिंद्र म्हणाला, उद्या नक्की हीच नेणार? हो म्हणालो. त्यानं गादीकडे बघितलं. मग म्हणाला, फोन चालू ठेव.

२२ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ७.२०, वाघोली
दीपाच्या सासरच्या ओट्यावर बसून लिहितोय. हातात काहीतरी पाहिजे म्हणून.
सहाला पोचलो. धक्का द्यायला यार्डातले दोघे होते. इथं सगळं घर बाहेर आलं होतं. मुक्तामावशींनी दीपाची ओटी भरली, लाडवांचा डबा दिला. गाडीला हळदकुंकू लावलं. म्हणाल्या, बरी दिसतीया की. आजपर्यंत माझ्याशी बोललेलं हे पहिलं चांगलं वाक्य.
दीपानं मागचं दार उघडलं. एक पाय आत ठेवला, दुसरा उचलायला तिनं दाराला धरलं. तिच्या बांगड्या दारावर आपटल्या.
बदबद.
मी म्हणालो, उतर.
मुक्तामावशी म्हणाल्या, काय झालं? मी म्हणालो, टायरमध्ये हवा कमी आहे. त्यांनी चारी टायर बघितले. मग मला बघितलं. दीपानं पाय बाहेर घेतला आणि पायरीवर बसली, बॅग मांडीवर घेऊन. मांडीवर जागा कुठे आहे तिला.
मावशी म्हणाल्या, नऊ वाजेपर्यंत बघीन. मग बॅग आत.
मच्छिंद्रला फोन केला. म्हटलं, ये. त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही.
मी घाबरलो नव्हतो. मागचं दार तीनदा लावून बघितलं, एवढंच.

त्याच दिवशी, ८.४०
दीपा अजून पायरीवर. मावशींनी तिला दूध दिलं, मला दिलं नाही. दोनदा घड्याळ बघून झालं त्यांचं.

८.५५
राखाडी गाडी आली. डावा आरसा घासलेला. आत मच्छिंद्र.
मी विचारलं, ही कधी? म्हणाला, सोमवारी. पेढे खाल्लेस की.
मावशींनी विचारलं, गाडी कुणाची? मच्छिंद्र म्हणाला, आमच्या खोलीवरची. त्यांना तेवढं चाललं. गादी आणि फुलांची उशी या गाडीतून त्या गाडीत टाकली.

२३ फेब्रुवारी, रविवार, गावी
काल रात्री आठच्या आत पोचलो. कुठेही बंद पडली नाही. दीपा बीडपर्यंत झोपली, मग उठून लाडू खाल्ला आणि परत झोपली. मागची काच मी हातानं धरून वर घेत होतो, दोषांच्या कागदावर होतं तसं. अ‍ॅव्हरेज अठरा पूर्णांक एक. मच्छिंद्रनं ते अनिरुद्धरावांच्या वहीत लिहिलं. वही पण त्याला मिळाली आहे.
आईनं दीपावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला आत नेलं. मग परत बाहेर येऊन गाडीला कुंकू लावलं. सरपंचाचा पोरगा म्हणाला, ग्रुपवर तर लाल होती. मी म्हणालो, उन्हात लाल दिसते. मच्छिंद्र गप्प राहिला, हे त्याचं चांगलं आहे. पण आतून दीपा ओरडली, आई, गाडी मच्छिंद्रदादाची आहे.
सकाळी मुक्तामावशींचा फोन. पोरगी सुखरूप पोचली ते ऐकलं, बरं वाटलं म्हणाल्या. मग म्हणाल्या, ती तांबडी कधी उचलताय? कोंबड्या बसायला लागल्यात तिच्यात.
आता दुपारी परत निघायचं आहे. मच्छिंद्र डिकीत आईनं दिलेलं ज्वारीचं पोतं ठेवत होता. मी गाडीपाशी उभा होतो. सहज बॉनेटवर टिचकी मारली. टणटण.
मच्छिंद्र वर न बघता म्हणाला, कच्ची आहे, हात लावू नको.