संडासाला नाव कोणाचं?

ती. आर्लीनताईस,

लाइलचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच घातलाय, पोचला असं समज). तुझी कंबर कशी आहे? फ्लॉरिडात बारा महिने ऊन खाऊन एव्हाना ती सुधारायला हवी होती. इकडे एप्रिल निम्मा सरला तरी बर्फ दाराशी ठाण मांडून बसलाय. मांजर बरं आहे. मी मात्र बरा नाही. मला धक्क्यांवर धक्के बसलेत, आणि सगळे आपल्या माजी सैनिकांच्या सभागृहात बसलेत.

तुला ठाऊकच आहे, तिथला एकुलता एक संडास तळघरात. तो जिना उतरताना गुडघे ओरडतात आणि चढताना छाती. अडीनडीला लोक समोरच्या पेट्रोलपंपावर जायचे, तर तोही बंद पडला. तेव्हापासून शनिवारच्या जेवणावळीची काय दशा झाली असेल, तूच बघ. (काकवीत शिजवलेला घेवडा पोटभर खायचा आणि मग घरापर्यंत गाडी हाकायची. अधिक लिहीत नाही, तू जेवायला बसली असशील.) पण जेवणावळीचं सोड. स्मृतिदिनाला गावच्या शहिदांची नावं मी वाचतो ना? गेल्या मे महिन्यात वाचता वाचता मला मधेच निघावं लागलं. निघावं म्हणजे धावावं लागलं, ताई. बँडवाल्यांना वाटलं वाचन संपलं, त्यांनी वाजवायला घेतलं. एकच नाव राहिलं, यादीच्या तळाचं. आपल्या धाकट्याचं, वेंडेलचं. वर्षभर ते माझ्या घशात अडकून बसलंय. यंदाही तसं झालं तर मी पुन्हा नावं वाचायला सभागृहाच्या पायरीवर उभा राहणार नाही.

म्हणून मार्चच्या गावसभेत मी जातीने गेलो. विषय होता सभागृहाला तळमजल्यावर एक संडास काढायचा, दार रस्त्याकडे, सगळ्यांना खुला. सभागृहाचे अध्यक्ष रॉस्को पिंकहॅम म्हणाले, खंदकात कुठे संडास होते, तिथे आम्ही कळ काढलीच की. (रॉस्कोची सगळी नोकरी जर्मनीत, ब्लँकेटं मोजण्यात गेली. खंदक त्यांनी खणलेला पाहिलाय तो बटाट्यांसाठी.) मग म्हणे उन्हाळ्यात शहरातले पाहुणे येतील नि घाण करतील. त्यावरून तासभर अशी जुंपली की विचारू नकोस. शेवटी जेवणाची सुट्टी झाली, ब्लूबेरीचे केक कापले गेले, कॉफी झाली, आणि परत बसल्यावर थोड्याच वेळात लोक खुर्च्यांवर चुळबुळायला लागले. मत मागितलं तर हात भराभर वर! आपलं गाव कशावर तरी एकमत झालं, हा माझा पहिला धक्का.

तेवढ्यात रॉस्कोंनी नियम काढला. आपल्या सभागृहात कुठलीही वस्तू दिवंगत साथीदाराच्या नावाची पितळी पाटी लावल्याशिवाय येत नाही. झेंड्याच्या खांबाला पाटी आहे, शेगडीला आहे, बर्फ उपसायच्या फावड्यालासुद्धा आहे. आणि ज्याचं नाव, त्याच्या घरच्यांनी ती वस्तू सगळ्यांसमक्ष पहिल्यांदा वापरायची. कॉफीच्या भांड्याला थर्लोचं नाव दिलं तेव्हा त्याच्या विनीने पहिला कप पिऊन डोळे पुसले होते. तर आता संडासाला नाव कोणाचं?

खांबाच्या पाटीवरून जी घराणी एकमेकांशी बोलेनाशी झाली होती, ती मिळून छत न्याहाळायला लागली. एक म्हणाला, आमच्या काकांना प्रसिद्धीचा तिटकारा होता (काकांच्या पाट्या तीन आहेत). दुसरा म्हणाला, आमचे आजोबा तत्त्व म्हणून उघड्यावरच जायचे. कोणीतरी रॉस्कोंचंच नाव सुचवलं. मी अजून जिवंत आहे, असं रॉस्कोंनी ठणकावलं, तर मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, ‘‘थांबतो की आम्ही.’’ मी विनीकडे आशेने पाहिलं. ती म्हणाली, ‘‘आमच्या ह्यांनी कॉफी आत घालायचं काम घेतलंय. बाहेर काढायचं दुसऱ्या कोणीतरी बघा.’’

मग मी म्हटलं, एवढ्यापुरता नियम बाजूला ठेवू. ताई, विनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी बसायचाच बाकी! म्हणाली, ‘‘आज ही खोली बिननावाची केलीत, तर उद्या माझ्या भांड्यावरचं नाव कोण राखणार, लाइल?’’ खरंच होतं ते. नाव नाही तर खोली नाही, असं ठरून सभा उठली, आणि मी हादरलेल्या अवस्थेत घरी आलो.

असं आहे एकंदर. अशा निर्लज्ज गावात आपण वाढलो याचं नवल वाटतं. कंबरेला जप.

तुझा,
लाइल

ता. क. वेंडेल किती गमत्या होता, नाही? आजीकडे जाताना दर वळणावर ‘लागली’ म्हणून बाबांना ट्रक थांबवायला लावायचा. मला वाटतं, त्याची हरकत नसती. तुझी असेल तर मोकळेपणी लिही.

ता. क. दुसरा. लिहू नकोस. नाव मी त्याच सभेत, उठता उठता देऊन बसलोय, वर लिहायचा धीर झाला नाही. नाव ऐकून सगळे उभे राहिले, रॉस्कोसुद्धा. भिंती उभ्या राहिल्यात, पाटी कोरून आलीय. आता घरच्यांनी पहिल्यांदा वापरायचा प्रश्न. मी नावं वाचत उभा असणार, तेव्हा घरचं म्हणशील तर तूच उरतेस. मे अखेरीला ये. दाराबाहेर बँड असेल, पण तू आत गेल्यावर वाजवायचं नाही, असं मी त्यांना बजावलंय.

ता. क. शेवटचा. ट्रक थांबला की तू दरवेळी चिडून ओरडायचीस, ‘‘या पोरासाठी रस्त्यात एक खोली बांधा रे कोणीतरी!’’ आठवतं?

बांधली, ताई.