नग क्रमांक तीन परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंचा विभाग,
भुयारी रेल्वे, मध्यवर्ती स्थानक.

विषय : जमा नोंद क्र. ४१७, म्हणजे अर्जदाराची आई, वय वर्षे ७४, परत मिळण्याबाबत दुसरा अर्ज.

संदर्भ : अर्जदाराचा आज दुपारी दीड वाजताचा पहिला अर्ज व त्यावरील आपला शेरा, 'वर्णन जुळत नाही'.

महोदय,

१. अर्जदार हा एका मालवाहतूक कंपनीच्या पार्सल कार्यालयात गेली सव्वीस वर्षे कारकून असून पत्नी, मुलगी व आई यांच्यासह आपल्या शहरात तीन दिवसांच्या सहलीस आला आहे. आज सहलीचा शेवटचा दिवस आहे. शहराविरुद्ध अर्जदाराची काहीही तक्रार नाही. येथे लोक सरकत्या जिन्यावरही धावतात, रस्ता ओलांडायला बावीस सेकंद मिळतात आणि गाडीचे दार विसाव्या सेकंदाला मिटते, ही सर्व माहिती त्याने निघण्यापूर्वीच मिळवली होती. त्यानुसार तीन दिवसांत एकतीस ठिकाणे बसतील असे वेळापत्रक त्याने तयार केले. त्यात श्वास घ्यायला वेळ ठेवलेला नाही, हे पत्नीचे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. प्रत्येक ठिकाणी चार मिनिटे राखीव होती.

२. गर्दीत कोणी चुकू नये म्हणून अर्जदाराने स्वतःच्या कार्यालयातील शिल्लक लेबले सोबत आणली व सर्वांस क्रमांक दिले. स्वतः एक, पत्नी दोन, आई तीन, मुलगी चार. पत्नीने आपले लेबल पर्सला बांधले, मुलीने पाठीवरच्या पिशवीला. गळ्यात घातले ते एकट्या आईने. मुलाने दिले आहे तर घालावे, एवढेच ती म्हणाली. पार्सलच्या कामात जुन्या किंवा नाजूक मालाला दोन लेबले लावण्याची पद्धत आहे. एक निघून गेले तरी दुसरे राहते. त्या पद्धतीस अनुसरून अर्जदाराने क्रमांक तीनचे दुसरे लेबल आईच्या कापडी पिशवीला लावले. येथे घात झाला.

३. आज सकाळी आजीला ओझे नको म्हणून मुलीने ती पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. ९ वाजून ४० मिनिटांनी सर्वजण गाडीत चढले, असे अर्जदाराचे मत होते. दार मिटल्यावर त्याने नेहमीप्रमाणे लेबले तपासली. एक, दोन, तीन, चार. मोजणी बरोबर आली. पुढील पाच ठिकाणी ती बरोबरच येत राहिली. सव्वाबारा वाजता उंच मनोऱ्याच्या गच्चीवर एका अनोळखी गृहस्थास विनंती करून कुटुंबाचा फोटो काढून घेतला, तेव्हा पत्नीने विचारले, "आई कुठं आहेत?" अर्जदार मुलीच्या खांद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही काय, तीन नंबर." फोटोत तीन माणसे व एक पिशवी आहे.

४. अर्जदाराच्या पायांखालची जमीन सरकली. जमीन एकशे चार मजले खाली असल्याने ही भावना अधिकच तीव्र होती. परतीच्या सबंध वाटेवर तो दर मिनिटाला उरलेल्या तिघांची डोकी मोजत होता. त्यावर पत्नी म्हणाली, बैल गेला आणि झोपा केला. अर्जदाराने ते ऐकून घेतले.

५. दरम्यान फलाटावरील रखवालदारास आई बाकावर बसलेली आढळली. त्याने तिला प्रथम हरवलेल्या व्यक्तींच्या कक्षात नेले. तेथील पहिलाच प्रश्न, आपण हरवला आहात काय, असा आहे. आईने उत्तर दिले, "मी नाही हरवले. मी होते तिथंच आहे. हरवलीत ती माणसं." या उत्तरामुळे त्या कक्षास नोंद घेता येईना. तेव्हा रखवालदाराने गळ्यातले लेबल वाचले. 'सापडल्यास जवळच्या सामान कार्यालयात जमा करून पावती घ्यावी,' असे त्यावर छापलेले आहे. त्याने त्याप्रमाणे केले व अर्जदार फलाटावर परतल्यावर पावतीची नक्कल त्याच्या हाती दिली. रखवालदाराचा यात तिळमात्र दोष नाही, किंबहुना लेबलावरील मजकूर कोणीतरी शेवटपर्यंत वाचला याचे अर्जदारास व्यवसायाच्या दृष्टीने समाधान आहे.

६. पहिल्या अर्जासोबत अर्जदाराने आपल्या विभागाचा वर्णनाचा नमुना भरून दिला. पत्नी मागून कुजबुजत होती, परंतु खिडकी क्रमांक दोनवरील बाईंनी मालकानेच लिहावे असे सुनावले, ते योग्यच होते. रंग, खूण, उंची, चाल व प्रयोजन असे पाच रकाने होते. पहिले तीन चुकले, चौथा कोरा राहिला आणि पाचवा वाचून बाईंनी नुसतेच अर्जदाराकडे पाहिले. हे वर्णन दुसऱ्या कोणाच्या तरी आईचे असावे, असे त्या म्हणाल्या.

७. दोन वाजता आपण स्वतः बाहेर येऊन माणुसकी दाखवलीत. जमा झालेली वस्तू सज्ञान असल्याने ती स्वतःच्याच सहीवर जाऊ शकते, असे आपण आईस सांगितलेत. अर्जदार उठून उभाही राहिला. परंतु आईने सही करण्यास नकार दिला. तिचे शब्द अर्जदाराने काचेच्या भोकातून ऐकले, ते असे : "वर्णन चुकलं तर माल सोडायचा नाही, हे यानंच मला जेवताना शंभर वेळा ऐकवलंय. लिहू दे परत." असे म्हणून ती पुन्हा आत जाऊन बसली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे पत्नीने यावेळी मोठ्याने म्हटले.

८. त्यानंतर अर्जदार आपल्या खिडकीसमोरील बाकावर बसून आहे व काचेतून आईकडे पाहत आहे. उरलेली ठिकाणे त्याने रद्द केली आहेत. पत्नी व मुलगी सामान आणण्यास गेल्या आहेत. आपल्या बाईंनी आईपुढे सापडलेल्या सुट्या हातमोज्यांची पेटी ठेवली असून आईने आतापर्यंत अकरा जोड्या लावल्या आहेत. अशा निरीक्षणाअंती अर्जदार खालीलप्रमाणे दुरुस्त वर्णन सादर करतो.

रंग : पूर्वी 'स्वेटर तपकिरी' असे लिहिले होते. तो स्वेटर आईने अकरा वर्षांपूर्वीच कोणाला तरी देऊन टाकला. अंगावरचा गर्द जांभळा आहे. डाव्या कोपराशी रफू केलेले आहे, दोरा किंचित फिका. टाके इतके सरळ आहेत की ते आईनेच घातले असावेत. नवा घेऊन द्यावा हे अर्जदाराच्या लक्षात यायला हवे होते.

खूण : पूर्वी 'चष्मा' लिहिला होता. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढल्यापासून आई चष्मा लावत नाही. त्या दिवशी अर्जदाराच्या कार्यालयात तपासणी होती. मात्र जवळचे काही पाहायचे झाले की तिचे बोट अजूनही नाकाकडे जाते आणि नसलेला चष्मा वर सारते. हातमोज्यांच्या अकरा जोड्यांत हे नऊ वेळा घडले. खूण म्हणून हीच नोंदवावी.

उंची : पूर्वी पाच फूट दोन इंच लिहिली होती, ती अर्जदाराच्या शाळकरी आठवणीतली आहे. आई खिडकीच्या आतल्या कट्ट्यापाशी उभी राहिली तेव्हा अर्जदाराने बाहेरून टेप लावून पाहिली. चार फूट अकरा भरते. मधले तीन इंच केव्हा कमी झाले, याची नोंद अर्जदाराकडे नाही.

चाल : आई खुर्चीतून एका दमात उठत नाही. आधी दोन्ही हात टेकते, थांबते, मग उठते. पाण्याच्या नळापर्यंत दोन पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर ती आधी डावा पाय ठेवते, मग उजवा त्याच पायरीवर आणते. गुडघ्याला हात लावत नाही, कोणी पाहत असेल म्हणून. दोन पायऱ्यांना तिला चौदा सेकंद लागले. फलाटावरून गाडीत चढायला एकच पायरी आहे, पण त्याआधी जिन्याच्या एकवीस होत्या. सकाळी नऊ चाळीसला आई गाडीत का नव्हती, हे अर्जदारास दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कळले.

९. सोबत जमा पावतीची नक्कल, मनोऱ्यावरचा फोटो व मूळ वेळापत्रक जोडले आहे. वेळापत्रक परत केले नाही तरी चालेल. आमचे विमान रात्री आठचे आहे व आपले कार्यालय सहाला बंद होते, हे केवळ माहितीसाठी. त्यावरून निर्णयाची घाई करू नये. एखादा रकाना अजूनही चुकला असल्यास तसे कळवावे, अर्जदार पुन्हा पाहील आणि पुन्हा लिहील. विमान गेले तर जाऊ दे, असे त्याने पत्नीस फोनवर सांगितले आहे.

१०. राहता राहिला पाचवा रकाना, प्रयोजन. पूर्वी 'संच पूर्ण करण्यासाठी' असे लिहिले होते, ते कृपया खोडावे. आज सकाळी गाडी येईपर्यंत आईने 'जरा बसूया का रे' असे पाच वेळा विचारले होते, हे मुलगी सांगते. अर्जदाराने पाचही वेळा, पुढच्या ठिकाणी बसू, असे सांगितले. अर्जदार आता जवळपास तीन तास या बाकावर बसला आहे. बाक बरा आहे, पाठ टेकते, पाय खाली पोहोचतात. शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा आहे. मघापासून दोघेजण विचारून गेले. अर्जदाराने त्यांना सांगितले की जागा धरलेली आहे, आई यायची आहे.

आपल्या काचेसमोर बसलेला,

(सही)
अर्जदार

वेळ : दुपारी ४ वाजून ५० मिनिटे
दिनांक : सहलीचा तिसरा दिवस