दातांपासून काढलेला चेहरा

प्रिय ठमे,

माझं चित्रांचं काम कसं चाललंय, असं तू परवा फोनवर विचारलंस आणि मी बरं म्हणालो. खोटं बोललो. कितीतरी दिवसांत मी ब्रशला हात लावलेला नाही.

उभा जन्म लोकांच्या कवळ्या करण्यात गेला. निवृत्त झालो, घर खायला उठलं, म्हणून चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं. मास्तरांनी चेहरा काढायला सांगितला, तर मी आधी दात काढले आणि मग त्यांच्याभोवती माणूस. सगळा वर्ग पोट धरून हसला. हसू देत. मला माणूस तसाच कळतो. पुढे लोक पैसे देऊन चित्रं काढून घ्यायला लागले, तेव्हा आमचे बाबा आता चित्रकार, असं तूच गावभर सांगत सुटलीस.

तुझी आई गेल्यावर तिचंही मी तसंच काढलं. तिचा पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला. जगाला सरळ दात बसवले मी, पण त्या दाताला तिने मला हात लावू दिला नाही आणि फोटोत कधी ओठ उघडले नाहीत. खळखळून हसायची ती फक्त स्वयंपाकघरात, तेही मला. ते हसू कुठल्याच फोटोत नाही, म्हणून आठवून आठवून रंगवलं होतं.

फ्रेम करून आणते म्हणून तू चित्र नेलंस. तुझ्याकडे पाहुणे जमले त्या दिवशी भिंतीवर बघतो तर दात सरळ, गाल भरलेले, सुरकुत्या गायब. कुणा मोठ्या चित्रकाराकडून तू त्यावर जरासा हात फिरवून घेतला होतास. मला खूश करायचं होतं म्हणे. खाली सही माझीच, त्यामुळे बाबांचा हात काय छान बसलाय, म्हणत पाहुणे माझी पाठ थोपटत होते. मी चहा पीत राहिलो. तोंड उघडलं असतं तर तुझी चारचौघांत शोभा झाली असती. तुझ्या मनात वाईट नव्हतं, हे कळतं मला. कळून राग जात नाही.

आता वाढदिवसाला तुझं चित्र हवंय म्हणतेस. ते मी काढणार नाही. पण पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणासाठी, फोनवर विचारायची लाज वाटली म्हणून. आईचं चित्र पुन्हा काढायला घेतो, तर डोळे मिटले की तुझ्या भिंतीवरचीच बाई समोर येते. आईचा तो चढलेला दात डावीकडचा होता की उजवीकडचा? मला आठवत नाही गं. तुला आठवत असेल तर तेवढं कळव.

तुझाच, अजून रागावलेला,
बाबा