यारीचे वजन

॥ श्री ॥
इंदापूर, ४ मार्च १९३५

ती. तात्यांस जोतीरामाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे क्षेम, म्हणजे दोन घास पोटात जातात. वर्षभर बारामतीस फिरकलो नाही म्हणून आई रागावली, ते बरोबरच. कारण आज लिहितो. बिहारच्या साखर कारखान्याचा नकाशा माझ्या हातचा. छताखाली रुळांवर फिरणारी, यंत्रे उचलणारी यारी मी खांबांवरच्या आडव्या धक्क्याच्या हिशेबात धरलीच नाही. फिरती वस्तू, इमारतीत कशाला मोजायची, असे वाटले. गेल्या वर्षीच्या भूकंपात खांब कलले, यारी कोसळली आणि ती चालवायला वर बसलेला आपला जळोचीचा सिद्धू गेला. त्याला तिकडे मीच नेले होते. त्याच्या बायकोसमोर, सारजावहिनींसमोर, कोणत्या तोंडाने उभा राहू?

इथल्या नव्या कारखान्यातही यारी बसायची आहे. तिचे वजन आणि टांगलेले ओझे, दोन्ही भूकंपाच्या हिशेबात धरले तर खांब दुप्पट जाड होतात. साहेब म्हणतात, इकडे कुठला भूकंप, यारी सोड आणि सही कर, नाहीतर घरी जा. तात्या, मी फार थकलो आहे.

तुमच्या दोन ओळींची वाट पाहणारा,
जोतीराम

॥ श्री ॥
बारामती, ९ मार्च १९३५

चि. जोतीरामास अनेक आशीर्वाद.

तुझे गणित मला कळत नाही. मी विहिरीवरच्या मोटेच्या चौकटी करणारा सुतार. काल शेजारच्या बिरूच्या विहिरीवर भरलेली मोट टांगून चौकट गदागदा हलवली, मग मोट काढून हलवली. जोर सारखाच लागला. मोट खाली आपल्या नादाने झुलते. वरचे चाक मात्र चौकटीबरोबर ओढ घेते. तुझ्या यारीचे असेच आहे का, बघ. मनाविरुद्ध सही करू नकोस. इथे रंधा आहेच, तुझे हात मऊ पडले असतील एवढेच.

तुझे पत्र मी सारजाला वाचून दाखवले. न विचारता दाखवले, रागावू नकोस. ती म्हणाली, दुसऱ्या कुणाच्या घरी असं होऊ देऊ नका म्हणावं, आन् येकदा येऊन तोंड दाखवा, मी काय खात न्हाय.

आईसह तुझी वाट पाहणारा,
कुंडलिक

॥ श्री ॥
इंदापूर, २१ मार्च १९३५

ती. तात्यांस शि. सा. न. वि. वि.

तुमची मोट साहेबांना सांगितली. आधी हसले, मग दोन दिवस स्वतः आकडे मांडत बसले. भूकंपाच्या हिशेबातून टांगलेले ओझे गाळले, यारी धरली. खांबांची जाडी चौथाईनेच वाढली आणि साहेबांनी ते मान्य केले. मग मी सही केली.

पाडव्याला येतो. आधी जळोचीस जाईन, मग घरी. आईला समजावून सांगा.

एक राहिले. यारीच्या वजनात मी वर बसणाऱ्या माणसाचे दीड मण मिळवले. साहेब म्हणाले, एवढ्याने काय फरक पडतो. आकड्यात काहीच पडत नाही. तरी मी ते खोडले नाही.

तुमचा,
जोतीराम