पडद्यावरचा बाण

३ फेब्रुवारी, सोमवार

ब्राउझर मेला! सकाळी शब्दकोडं उघडायला गेले तर पांढरा पडदा आणि त्यावर एकच ओळ – हा ब्राउझर फार जुना झाला आहे, कृपया नवीन घ्या. कोण तू मला सांगणारा? काल संध्याकाळपर्यंत तर बरा चालत होता. एका झोपेत जुना झाला? माणूससुद्धा इतक्या झटपट होत नाही. माणसाला निदान निरोपाचं भाषण ऐकवतात, मग घरी धाडतात.

बंद करून पुन्हा चालू केला. तीच ओळ. संगणकाच्या डब्याच्या कुशीत दोन चापट्या मारल्या. तीच ओळ.

कोडं नाही, बातम्या नाहीत, विजेचं बिल नाही. दुपार केवढी लांब असते ते आज कळलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कोपऱ्यावरच्या संगणकवाल्याकडे गेले. कोरीव दाढी, कानात बोंडं, नजर स्वतःच्या फोनवर.

"आंटी, हा डबा आता भंगारात घाला."

मी म्हटलं, "पहिलं म्हणजे मी तुझी आंटी नाही. दुसरं म्हणजे, माझ्या घरातलं काय भंगारात जाईल ते मी ठरवते."

तर हसला! वर विचारतो, "घरी कोणी नाही का बघायला?"

ह्या प्रश्नाला खरं तर फार चांगलं उत्तर होतं. ते मला जिना चढताना सुचलं. तिसऱ्या मजल्यावर.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अखेर चिरंजीवांना कळवलं. फोन करायचा नव्हता, पण शब्दकोड्यापुढे अभिमान किती टिकणार? चिरंजीव विमानानं जायच्या अंतरावर राहतात आणि फोनवर विमान पकडायचं असल्यासारखे बोलतात.

"आई, मागे आलो होतो तेव्हा एक छोटा प्रोग्रॅम टाकून ठेवलाय. तो उघड, आकडा दिसेल, तो मला मेसेज कर. मग 'परवानगी द्या' दाब आणि हात लावू नकोस, तुझा संगणक इथून चालवता येतो. मी मीटिंगमध्ये आहे, बोलता येणार नाही. काही सांगायचं असेल तर नोटपॅडमध्ये लिही."

आकडा पाठवला. बटण दाबलं. थोडा वेळ काहीच नाही. आणि मग – बाण हलला! मी हात मांडीवर घेऊन बसले होते. आपोआप पडद्याच्या मधोमध आला, थांबला, एक छोटा गोल फिरला. जणू कुणी दारात उभं राहून म्हणावं, येऊ का?

पुढे तासभर तो राबत होता. नवा ब्राउझर ह्या डब्यात मावत नाही म्हणे, म्हणून जुन्या यंत्रांसाठी केलेला एक हलका ब्राउझर शोधून काढला. एकदा फसला, दुसऱ्यांदा फसला. मी नोटपॅडमध्ये लिहिलं, जाऊ दे, सोड. त्या डब्यात मराठी उमटत नाही, त्यामुळे आमचा सगळा कारभार इंग्रजीत. मी कॉन्व्हेंटची, मला काय! खाली उत्तर उमटलं – थांब, होईल.

आणि झालं. जिथे दाबायचं त्या जागेभोवती बाणानं दोन गोल काढले, मला नीट दिसावं म्हणून. हा मुलगा लहानपणी बुटाच्या नाडीची गाठ सुटली नाही तर कात्री आणायला धावायचा. एवढा धीर कुठून आला?

बाण गेल्यावर खोली एकदम रिकामी वाटली. मूर्खपणा!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ब्राउझर उत्तम चालतोय. कोडं पूर्ण सोडवलं. अकरा वाजताच सुटलं. मग काय?

१० फेब्रुवारी, सोमवार

काल रविवारचा फोन. त्याच्या फोनवर सूनबाईच आल्या.

"बऱ्या आहात ना? थांबा हं, त्याला देते."

लग्न झाल्यापासून माझ्याशी एवढंच बोलते. बऱ्या आहात ना – थांबा हं – त्याला देते. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असती तर तिला पहिल्याच महिन्यात बढती मिळाली असती. उभा जन्म मी ट्रंक कॉल जोडले, पण माणसाला असं हातोहात पुढे ढकललं नाही. तेव्हा नुसत्या श्वासावरून ओळखायचे – पलीकडे कोण आहे, वाईट बातमी आहे की भांडण. अजूनही ओळखीन.

चिरंजीव दोन मिनिटं बोलले. "ब्राउझर चालतोय ना? मग झालं."

झालं!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हे फक्त इथे लिहिते.

ब्राउझर आज मीच काढून टाकला. कसा घालतात ते टक लावून बघितलं होतं, तेव्हा कसा काढतात तेही कळलं. दोनदा विचारतो – नक्की काढायचा? नक्की.

मग चिरंजीवांना मेसेज – पुन्हा गेला. आकडा पाठवला. कपाळाला हात लावणारं एक पिवळं तोंड उत्तरादाखल आलं. पण थोड्या वेळानं बाणही आला. दारातला तो छोटा गोल.

कॉन्व्हेंटातल्या आमच्या टायपिंगच्या सिस्टर खोटं बोलणाऱ्या मुलीला भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या. ह्या खोलीला चार भिंती आहेत, आणि चारही मला तोंडपाठ आहेत. त्याहून वेगळी शिक्षा काय करणार?

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज पुन्हा "गेला". बिचारा किती नाजूक ब्राउझर!

पण आज मजा आली. बाण फाइल उतरवून घेत होता, निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. वेळ होता. मी लिहिलं – तुझी बायको माझ्याशी बोलत का नाही? मी तिचं काय घोडं मारलंय? फोन उचलते आणि निखारा हातात आल्यासारखा तुझ्याकडे फेकते.

बाण थांबला. मला वाटलं, लाइन तुटली.

मग एकेक अक्षर आलं – घाबरत असेल.

मी लिहिलं – मला? मी काय खाते का?

उत्तर आलं – थोडंसं.

एकटी बसून मोठ्यानं हसले! शेजारीणबाईंनी भिंतीवर ठोकलं. ठोकू देत, रोज त्यांचा टीव्ही मी ऐकते. चिरंजीवांना विनोद कधीपासून जमायला लागला? त्याच्या वडिलांना कधी जमला नाही, तो बाहेरून शिकला असणार.

मग मी वाढवलंच. लिहिलं – लग्नात तिच्या साडीच्या रंगाबद्दल मी बोलले ते अजून धरून बसली असेल. पण रंग वाईटच होता.

उत्तर – हो, वाईटच होता.

ह्याला एवढं आठवतं? ह्याला स्वतःच्या सुटाचा रंग आठवणार नाही!

२० फेब्रुवारी, गुरुवार

पकडले गेले की काय!

बाणानं काल जाताना पडद्यावर ब्राउझरची फाइल ठेवलीय, पुन्हा शोधावी लागू नये म्हणून. आज तिचं नाव नीट वाचलं. इंग्रजीत लिहिलंय – पुढच्या वेळेसाठी.

पुढच्या वेळेसाठी! म्हणजे ठाऊक आहे. मी मुद्दाम काढते हे ठाऊक आहे, आणि तरी येतो. रागवत नाही. फाइल जवळ ठेवतो, आपला वेळ वाचावा म्हणून – की बोलायला जास्त उरावा म्हणून?

दिवसभर त्या नावाकडे बघत होते. कोडं आज सोडवलंच नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

"बऱ्या आहात ना? –" आणि आज एक क्षण जास्त थांबली. मी वाट बघितली. मग आलंच – "थांबा हं, त्याला देते."

चिरंजीव आज फार उत्साहात. "आई, तुला टॅब पाठवतोय. तो भंगार डबा फेकून दे. ह्यात काही म्हणजे काही बिघडत नाही. सगळं आपोआप. मला बघायलाच नको!"

मी म्हटलं, "मला नको."

"अगं, का पण? रोज रोज तुझा ब्राउझर जातो, मेसेज कर, आकडा पाठव. तुलाच त्रास."

"मला त्रास नाही."

"आई, हट्ट करू नकोस ना. मी मागवलाय."

जे बिघडतच नाही ते घेऊन मी काय करू? हे त्याला कसं सांगायचं? आणि ज्यानं 'पुढच्या वेळेसाठी' फाइल ठेवली, त्याला हे सांगावं तरी का लागतं? त्याचं तोंड एक बोलतं आणि बोटं दुसरंच लिहितात – मला काही समजेनासं झालंय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

हे आजच लिहायला हवं.

टॅब यायच्या आत एकदा म्हणून आज ब्राउझर काढला. आकडा पाठवला. बाण आला, गोल फिरला, कामाला लागला. मी लिहिलं – टॅब आला की तू यायचा नाहीस. बाण थांबला.

तेवढ्यात फोन वाजला. चिरंजीव!

"आई, टॅब सोमवारी पोचेल. घरी थांब, सही लागेल."

मागे गाड्यांचे हॉर्न. चालताना त्याला लागते ती धाप. मी पडद्याकडे बघितलं. निळी पट्टी सरकत होती, आणि बाण 'पुढे' ह्या बटणावर जाऊन दाबत होता.

मी विचारलं, "तू आत्ता कुठे आहेस?"

"रस्त्यावर. जेवायला चाललोय."

"हातात काय आहे?"

"एका हातात छत्री, एका हातात फोन. का गं?"

"काही नाही. भीज कमी."

"आणि हो, तुझा आकडा मगाशीच पाठवला हं घरी. होईल तुझं काम." आणि ठेवला.

घरी. घरी दिवसभर कोण असतं? ती असते. घरूनच काम करते.

म्हणजे पहिल्या दिवसापासून! पोरानं आईला परस्पर बायकोकडे सोपवून दिलं, आणि ते सांगायचंही त्याच्या ध्यानात आलं नाही. नंबर फिरवला, जोडणी दिली, आपण मोकळे. मोठा ऑपरेटर! आणि मी – श्वासावरून माणूस ओळखणारी! तिच्याबद्दल तिलाच विचारत बसले! घोडं, निखारा, साडी... अरे देवा, साडी!

एक्स्चेंजमध्ये अशा वेळी आम्ही गप्प राहायचो. लाइन तोडायची नाही, बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. तशी बसले. बाणानं काम संपवलं. ब्राउझर उघडून दाखवला. माझं शब्दकोडं लावून दिलं. नेहमीसारखा कोपऱ्यात गेला, पण निघाला नाही. वाट बघत होता. बघत होती.

मी सावकाश लिहिलं – तेच तेच करून कंटाळा येत नाही?

नाही.

का?

दोन अक्षरं उमटली, पुसली गेली. मग – इथे दिवसभर कोणी नसतं. तिकडे यायला बरं वाटतं.

मी चष्मा पुसला. तेवढ्यात तिकडून अजून एक ओळ आली – टॅबला मी नको म्हटलं होतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळपासून रागावायचा प्रयत्न करते आहे. जमत नाही. माझ्यासारखीला ही केवढी नामुष्की!

साडीचा रंग वाईटच होता, असं तीच म्हणाली होती. हे आठवून भाजी चिरताना पुन्हा हसू आलं.

३ मार्च, सोमवार

टॅब आला. सही केली. खोका न उघडता कपाटावर ठेवला. चिरंजीवांना कळवलं – पोचला, छान आहे. खोका खरंच छान आहे.

४ मार्च, मंगळवार

ब्राउझर काढला. आकडा आला. चिरंजीवांना पाठवला नाही. तिचा नंबर वहीत लग्नापासून होता, कधी फिरवला नव्हता. फिरवला.

"बऱ्या आहात ना? थांबा हं, त्याला दे –"

मंगळवारची दुपार. तो घरात नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

"त्याला नको देऊस," मी म्हटलं. "तुझ्याकडेच काम आहे. आकडा लिहून घे."

पलीकडे नुसता श्वास. ह्या वेळी मी तो ओळखला.

"सांगा," ती म्हणाली. "सावकाश सांगा. मला घाई नाही."